धोंडू, दगडू आणि शिरगणती

ज्या भगिनींनी साठी ओलांडली आहे, त्यांना आजोळच्या गावचे एखादे धोंडूमामा किंवा दगडूअण्णा खात्रीने आठवतील. आधीची दोन-तीन मुले दगावली की पुढच्याला असे ओबडधोबड नाव ठेवीत, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडत नाही, अशी समजूत होती. आज बारशाला असे नाव कोणी सुचवीत नाही. ही नावे मागे कशी पडली, हे पाहू गेल्यास आपल्या लोकसंख्येचाच इतिहास हाती लागतो.

पूर्वी मुले पुष्कळ होत आणि तरीही माणसे फारशी वाढत नसत. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. कित्येक मेले, कित्येक शहर सोडून पळाले. १८९१ साली ८ लाख २१ हजारांचे शहर १९०१ च्या शिरगणतीत ७ लाख ७६ हजारांवर आले.

पुढे १९१८ साल उजाडले. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि जूनमध्ये मुंबईत इन्फ्ल्युएन्झा शिरला. पहिली लाट सौम्य होती. दुसरीने मात्र हाहाकार केला. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरातील बळींचा अंदाज एक कोटीच्या पुष्कळ वर जातो. एरवी साथ तान्ह्यांना व वृद्धांना नेते; हिने वीस ते चाळीस वयाची माणसे नेली, आणि त्यांतही बायका अधिक. दुखणाईताच्या उशाशी बसणारी तीच, आणि अन्न अपुरे असले तर सर्वांच्या मागून जेवणारीही तीच! आया गेल्या, तशी त्यांच्या पोटची पुढची मुलेही जन्मलीच नाहीत. आजच्या भारताच्या सीमांत १९११ साली २५ कोटी २० लाख माणसे होती. १९२१ साली २५ कोटी १० लाख भरली.

त्यानंतरची एकही शिरगणती उतरती आली नाही. पण म्हणून बायका अधिक प्रसवू लागल्या, असे मुळीच नाही. मृत्यूच मागे हटला. दुष्काळात धान्य पोहोचू लागले, देवीची लस गावोगाव गेली, १९५३ पासून हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी सुरू झाली. १९५१ च्या सुमारास सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांचे होते. याचा अर्थ सगळे बत्तिशीत मरत असा नव्हे. लहानपणीच गेलेली बाळे ती सरासरी खाली ओढीत. ती जगू लागली, आणि १९६१ साली देशातील शंभरांत ४१ जण पंधरा वर्षांखालील निघाले. गर्दीचा सारा दोष बायकांच्या कुशीला देणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले नाही.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ सालीच. त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण माझ्या आजीने सात बाळंतपणे काढली आणि तीन मुले राहिली. तिला ‘दोन पुरे’ कोणत्या तोंडाने सांगायचे? २०२० साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ बाळे वर्षाच्या आत गेली. एवढा भरवसा आल्यावर बायकांनी आपण होऊन हात आखडता घेतला: २०१९-२१ च्या पाहणीत राज्यात बाईमागे सरासरी १.७ मुले आढळली. तरी माणसे लगेच कमी होत नाहीत, कारण मागच्या मोठ्या पिढीतल्या मुली आज आया होत आहेत. प्रत्येकीची मुले थोडी, पण आयाच पुष्कळ.

थोड्या मुलांत मुलगा हवाच, हा हट्ट मात्र सुटला नाही. २०११ साली राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुलीच होत्या. त्याच साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींची नावे बदलावी लागली. धोंडू गेला, नकुशा उरली!

आता पाळी वृद्धांची. २०११ साली राज्यात शंभरांत सुमारे दहा माणसे साठीपुढची होती, आणि ते प्रमाण वाढतेच आहे. आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षीच्या इतिवृत्तात दुपारचे पाळणाघर काढावे, अशी मागणी नोंदलेली आहे. यंदाच्या सभेत भगिनींनी मागितला तो जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा.