बागेची हजेरीवही

वर्गाच्या हजेरीवहीत दोन गोष्टी असाव्याच लागतात. एक नाव आणि दुसरी तारीख. यांतली एक जरी गाळली तरी वहीचा उपयोग संपतो. बागेची हौस असणाऱ्यांनी आपल्या आवडत्या झाडांची जी छायाचित्रे काढलेली असतात, त्यांनाही हाच नियम लागू आहे. फूल उमलले की छायाचित्र काढणे आता अगदी सोपे झाले आहे. पण दोन वर्षांनी तेच चित्र हाती घेतले, की प्रश्न पडतात. हा गुलाब कोणत्या जातीचा? कुंडी कुठे होती? फूल माघात आले होते की चैत्रात? चित्र सुंदर असते, पण ते काहीच सांगत नाही.

झाडाचे चित्र ही 'नोंद' केव्हा होते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण थोडे इतिहासात जाऊ या. ते एका माणसाने एकदम दिलेले नाही. सुमारे चारशे वर्षांत, बहुतेक वेळा हौशी माणसांच्या हातून, ते हळूहळू तयार झाले.

आधी यादी आली

जॉन जेरार्ड हा लंडनमधला न्हावी-शल्यकर्मी. त्या काळी इंग्लंडमध्ये हे दोन्ही व्यवसाय एकाच संघात असत. लंडनच्या होबर्न भागात त्याची स्वतःची बाग होती. १५९६ साली त्याने या बागेतल्या झाडांची यादी छापली. चोवीस पानांच्या या पुस्तिकेत हजाराहून अधिक वनस्पतींची नावे आहेत. एकाच बागेतील वनस्पतींची छापलेली ही पहिली संपूर्ण यादी मानली जाते.

या यादीत बटाटा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातले हे पीक १५९६ मध्ये लंडनच्या एका बागेत वाढत होते, हे आपल्याला या यादीमुळे कळते. पुढच्याच वर्षी, १५९७ मध्ये, जेरार्डने वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने बटाटा उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा असल्याचे लिहिले. हे विधान चुकीचे ठरले. यादीतली साधी नोंद मात्र आजही उपयोगी पडते. 'हे झाड, या बागेत, या साली' एवढेच ती सांगते आणि म्हणूनच ती टिकली. मत चुकू शकते. पण प्रामाणिकपणे केलेली नोंद नंतरच्या माणसाला ते मत तपासायची संधी देते.

यादीत एक अडचण होतीच. लिनिअसने वनस्पतींना दोन शब्दी नावे देण्याची पद्धत १७५३ मध्ये रूढ केली, म्हणजे जेरार्डनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. त्यामुळे जेरार्डची नावे म्हणजे आज नेमके कोणते झाड, हे ओळखण्याचे काम मागे उरले. १८७६ मध्ये बेंजामिन डेडन जॅक्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही यादी आधुनिक नावे जोडून पुन्हा छापली. नावासोबत चित्रही असते तर हे काम किती सोपे झाले असते!

सूर्यप्रकाशाने काढलेली चित्रे

चित्र काढायला चित्रकार हवा, छापायला कोरीव ठसा हवा, आणि दोन्हींना पैसा हवा. हजार झाडांची चित्रे काढणे सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. ही कोंडी फोडणाऱ्यांत अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्रज बाईंचे नाव मोठे आहे.

१८४२ मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने 'सायनोटाइप' ही पद्धत शोधून काढली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण कागदाला लावून तो अंधारात वाळवायचा. कागदावर पान ठेवून त्यावर काच दाबायची आणि कागद उन्हात ठेवायचा. जिथे ऊन पडते तिथे लोहाच्या क्षारात बदल होऊन गडद निळा रंग तयार होतो. पानाखालच्या भागात ही क्रिया होत नाही. मग कागद साध्या पाण्यात धुतला, की निळ्यावर पांढरी अशी पानाची आकृती उमटते. इमारतींचे जुने निळे नकाशे, म्हणजे 'ब्ल्यू प्रिंट', याच पद्धतीने काढत असत.

अ‍ॅटकिन्सबाईंनी लगेच पुढच्या वर्षी, १८४३ मध्ये, ब्रिटनमधल्या समुद्रशैवालांच्या अशा छापांचे पुस्तक भागाभागाने काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजवलेले हे जगातले पहिले पुस्तक मानतात. विल्यम हार्वे यांचा शैवालांवरचा ग्रंथ १८४१ मध्ये आला होता, पण त्यात चित्रे नव्हती. ती उणीव त्यांना भरून काढायची होती. म्हणून प्रत्येक छापावर शैवालाचे लॅटिन नाव आहे. हे नावही छापखान्यातले नाही. हस्ताक्षरातली अक्षरेसुद्धा त्यांनी उन्हानेच छापली. १८५३ मध्ये त्यांनी आपली मैत्रीण अ‍ॅन डिक्सन हिच्याबरोबर ब्रिटिश आणि परदेशी नेच्यांचाही असाच संग्रह केला. त्या काळात इंग्लंडमध्ये घरोघरी नेचे वाढवायचे जणू वेडच लागले होते.

चित्रासोबत नाव असलेच पाहिजे, हा धडा इथे पक्का झाला. पण या पद्धतीत झाड कागदावर आणून ठेवावे लागे, आणि मिळे ती फक्त त्याची सावली.

कॅमेरा बागेत येतो

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टरांनी जिलेटिनचा थर असलेल्या कोरड्या काचांची कल्पना मांडली. १८८० च्या सुमारास अशा तयार काचा बाजारात मिळू लागल्या. त्याआधी काचेवर ओला थर द्यायचा आणि तो वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवायचे, अशी धावपळ असे. आता हौशी माणूस निवांतपणे कॅमेरा घेऊन बागेत जाऊ शकत होता.

प्रसिद्ध उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांनी १८८५ मध्ये छायाचित्रण हाती घेतले. त्यांची दृष्टी फार अधू होती. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे वापरली. ती कृष्णधवल होती. म्हणजे फुलांच्या रंगांवर जिचा सगळा भर, तिच्या चित्रांतच रंग नव्हते! रंगांचे वर्णन शब्दांतच करावे लागले. छायाचित्र जे दाखवू शकत नाही ते लिहून ठेवायचे, ही सवय इथून घेण्यासारखी आहे.

त्याच सुमारास ससेक्स परगण्यातल्या ओट हॉल या इस्टेटीवर चार्ल्स जोन्स नावाचा माळी काम करत होता. जन्म १८६६ चा, एका खाटकाचा मुलगा. १९०५ मध्ये 'गार्डनर्स क्रॉनिकल' या नियतकालिकाने त्याच्या बागकामाची वाखाणणी केली होती. पण हा माळी छायाचित्रेही काढतो, याची नोंद त्यात नव्हती. १९५९ मध्ये तो वारला, तेव्हाही ही गोष्ट जगाला ठाऊक नव्हती.

१९८१ मध्ये लंडनच्या बर्मंड्सी भागातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात शॉन सेक्स्टन या संग्राहकाला छायाचित्रांनी भरलेली एक पेटी मिळाली. शेकडो छायाचित्रे होती आणि बहुतेक भाज्यांची. सलगम, कांदे, शेंगा, कोबी, शिवाय फळे आणि फुले. साध्या पार्श्वभूमीवर एखाद्या मान्यवराचे चित्र घ्यावे तसे प्रत्येक भाजीचे चित्र घेतलेले. मागच्या बाजूला छायाचित्रकाराची सही किंवा आद्याक्षरे आणि झाडाचे नाव. नुसते 'सलगम' असे नाही, तर 'टर्निप ग्रीन ग्लोब' असे जातीसकट. त्यामुळे त्या काळच्या बागेतली ती जात दिसायला कशी होती, हे आज आपण पाहू शकतो. पुढे नातीकडून कळले, की म्हातारपणी जोन्सने छायाचित्रांच्या मूळ काचा कोवळ्या रोपांवर झाकण म्हणून वापरल्या होत्या. चित्रे जतन करण्यासारखी आहेत, असे बहुधा त्यालाही वाटले नसावे.

या चित्रांवर एक गोष्ट मात्र नाही. तारीख. त्यामुळे संग्रहालयांना 'सुमारे १९००' एवढेच लिहावे लागते. ही शेंग कोणत्या महिन्यात भरली होती, त्या वर्षी हंगाम लवकर आला होता की उशिरा, हे त्या उत्तम चित्रांना विचारता येत नाही.

तारखेची किंमत

तारखेने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले एक छायाचित्र दाखवावे. लोवेल गावच्या दफनभूमीत ३० मे १८६८ रोजी ते काढलेले आहे. हेतू झाडांचा नव्हता. तो दिवस युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा होता. पण मागच्या झाडांवर पाने नाहीत. २००५ साली त्याच तारखेला त्याच जागी छायाचित्र काढले, तेव्हा झाडे पानांनी भरलेली होती.

आता या दोन चित्रांवरून 'हवामान बदलले' असा निष्कर्ष काढता येईल का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर 'नाही' असे आहे. १८६८ चा वसंत नेमका थंड असू शकतो. एका वर्षावरून कल ठरत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या, अनेक झाडांच्या नोंदी हव्यात. अब्राहम मिलर-रशिंग, रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमके हेच केले. बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातली आणि जवळच्या कॉन्कॉर्ड गावातली तारीख असलेली जुनी छायाचित्रे त्यांनी गोळा केली. जोडीला वाळवून ठेवलेले वनस्पतींचे नमुने घेतले. मग त्या त्या वर्षीच्या तापमानाच्या नोंदींशी फुलण्याच्या तारखा ताडून पाहिल्या. उबदार वर्षी झाडे लवकर फुलतात आणि काळानुसार फुलणे अलीकडे सरकले आहे, असे दिसून आले.

याच दोघांनी २००८ मध्ये लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने कॉन्कॉर्डमध्ये १८५२ पासून लिहिलेल्या फुलण्याच्या तारखा आजच्या नोंदींशी जोडल्या. तिथल्या नेहमीच्या रानफुलांचा बहर सरासरी आठवडाभर आधी येऊ लागला होता. थोरोने कॅमेरा वापरला नव्हता. पण नाव आणि तारीख लिहिली होती.

आपल्या शाळेच्या आवारात

आपल्याकडे नावाचा प्रश्न आणखी महत्त्वाचा आहे. शाळेच्या कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या झाडाला आपण 'अशोक' म्हणतो. पण ज्याला लालसर केशरी फुलांचे गुच्छ येतात तो सीतेचा अशोक निराळाच. दोघांची कुळेही वेगळी आहेत. म्हणून गावात रूढ असलेले नाव आणि शास्त्रीय नाव, दोन्ही लिहावीत. शास्त्रीय नावेही बदलतात. त्या सरळसोट अशोकाचे पॉलिअ‍ॅल्थिया हे जुने प्रजातीनाम जाऊन आता मोनून आले आहे. अशा वेळी सोबतचे छायाचित्र कामी येते. नाव बदलले तरी झाड कोणते हे त्यावरून ओळखता येते.

नोंद करायला फार साहित्य लागत नाही. प्रत्येक झाडाला एक क्रमांक द्यावा. एक चित्र पूर्ण झाडाचे, एक पानाचे दोन्ही बाजूंनी, एक फुलाचे किंवा फळाचे घ्यावे. चित्रात मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. पुढे दर आठवड्याला ठरावीक वारी, ठरावीक जागेवरून एक चित्र घ्यावे. वहीत नावे, जागा, तारीख आणि चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी लिहाव्यात: वास कसा आहे, कोणते कीटक आले, पाणी कधी दिले. 'आज फूल नाही' हीसुद्धा नोंदच आहे. बहाव्याची पहिली कळी कधी आली, हे ठरवायचे तर आदल्या आठवड्यात ती नव्हती हे माहीत असावे लागते.

फोनमध्ये तारीख आपोआप साठते, मग वही कशाला, असे विद्यार्थी म्हणतील. पण चित्र एकाने दुसऱ्याला पाठवले, की ती तारीख अनेकदा गळून जाते. फोन बदलला, की चित्रेही जातात. वहीत लिहिलेली तारीख शाळेत राहते. एका वर्षाच्या नोंदीने फारसे काही सिद्ध होणार नाही, हे मुलांना आधीच सांगून टाकावे. सातवीच्या मुलांनी सुरू केलेली वही पुढच्या वर्षी सहावीतून आलेल्या मुलांच्या हाती द्यावी. दहा वर्षांनी त्या वहीला प्रश्न विचारता येतील, आणि ती उत्तरेही देईल.