इनाम आणि वेसण : नागपूर प्रांतातील अस्वलाचा इतिहास

नागपूरच्या परिसरातील जंगलांचा इतिहास आजवर बहुतांशी वाघाच्या अनुषंगाने लिहिला गेला, आणि त्याच जंगलांत वाघाइतक्याच जुन्या काळापासून वावरणाऱ्या अस्वलाला त्यात फारसे स्थान मिळाले नाही. ब्रिटिशांनी 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना करून नागपूरला त्याची राजधानी केले आणि तेव्हापासून 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत सातपुड्यापासून चांद्यापर्यंतच्या रानांचा कारभार याच शहरातून चालला. या काळातील लेखनात अस्वल वारंवार भेटते, मात्र ते जवळजवळ प्रत्येक वेळी कोणाच्या तरी गैरसमजाचे ओझे वाहत असते.

पहिला गैरसमज नावातच आहे. 1791 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ याने या प्राण्याची लांब, वाकडी नखे आणि पुढच्या दातांची उणीव पाहून त्याला ‘स्लॉथ’ या, दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटा लटकणाऱ्या संथ प्राण्याच्या गणात घातले. पुढे ही चूक उमगली आणि प्राणी अस्वलांच्या कुळात परतला, परंतु इंग्रजीतले ‘स्लॉथ बेअर’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. वास्तविक हे अस्वल आळशी तर नाहीच, उलट धावण्यात ते माणसाला सहज गाठते. ज्या दातांच्या उणिवेमुळे हा घोटाळा झाला, ती उणीव म्हणजे त्याच्या उपजीविकेचे साधनच होय. वारुळापाशी आले की अस्वल नखांनी कडक माती उकरते, फुंकर मारून धूळ उडवते, नाकपुड्या मिटून घेते आणि लांब, लवचीक ओठांची नळी करून वरच्या जबड्यातील दोन दातांच्या मोकळ्या जागेतून वाळवी खेचून घेते. या शोषण्याचा आवाज शांत रानात शंभर मीटरांच्याही पलीकडे ऐकू जातो.

जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत आणि त्यांपैकी सहा जाती आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या वर्गीकरणात ‘असुरक्षित’, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेल्या, ठरल्या आहेत. त्यांतील चीनचा पांडा आणि ध्रुवीय अस्वल शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात; पेंच, नागझिरा, ताडोबा आणि मेळघाटात राहणारे, त्याच सहांतले आपले काळे अस्वल मात्र विदर्भातल्या वाचकालाही फारसे परिचित नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरा गैरसमज शिकाऱ्यांच्या काळातला. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ 1871 मध्ये आणि रॉबर्ट स्टर्नडेल याचे सिवनीच्या रानांवरील पुस्तक 1877 मध्ये प्रसिद्ध झाले, तर मध्य प्रांताच्या वनखात्यात नोकरी केलेल्या डनबार ब्रँडर याने 1923 मध्ये येथील वन्य प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. निरीक्षण म्हणून या लेखनाचे मोल मोठे आहे. पण ते ज्या व्यवस्थेत घडले, तिने अस्वलाला उपद्रवी हिंस्र श्वापदांत गणले होते आणि अशी श्वापदे मारणाऱ्याला सरकारी इनाम मिळत असे. नागपूरहून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास असलेले हेच सिवनीचे रान किपलिंगने 1894 च्या ‘जंगल बुक’मध्ये जगभर पोहोचवले, तेव्हा त्यातील बालू तपकिरी अस्वल झाला; पण सातपुड्यात तपकिरी अस्वल नसते, तेथले अस्वल काळेकुट्ट असून त्याच्या छातीवर इंग्रजी ‘व्ही’सारखा पांढुरका पट्टा असतो.

तिसरा अध्याय सर्वांत वेदनादायक आहे, कारण त्यात अस्वल आणि माणूस दोघेही भरडले गेले. गावोगाव अस्वल नाचवून पोट भरणाऱ्या लोकांना मराठी मुलुखात दरवेशी आणि उत्तरेकडे कलंदर म्हणत. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी या नावाबरोबर ‘अस्वलवाले’ हा शब्द आजही आहे. आईपासून तोडलेल्या पिलाच्या नाकाडातून तापलेली सळई आरपार घालून त्या भोकात दोर ओवला जाई, आणि ही वेसण ओढताच होणाऱ्या वेदनेने प्राणी मागच्या पायांवर उभा राही. गावकरी त्यालाच नाच समजत. मुलाची भीती जावी म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवणे आणि दृष्ट लागू नये म्हणून अस्वलाचा केस ताइतात घालणे, या समजुतींमुळे दरवेशाला दारोदारी मान आणि शिधा मिळत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वल पकडण्यावर बंधने आली, 1998 च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वलाचे खेळ करण्यास मनाई केली आणि 2009 च्या अखेरीस देशातील शेवटचे नाचते अस्वल सोडवले गेल्याचे जाहीर झाले. प्राण्याची सुटका योग्यच होती. परंतु पिढ्यान्‌पिढ्या याच एका कसबावर जगलेल्या कुटुंबांना दुसरा रोजगार देण्याची जबाबदारी त्या सुटकेइतकीच मोठी होती, हे इतिहासकाराने नोंदवले पाहिजे.

आज अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत, आहे आणि 2021 मध्ये खुल्या झालेल्या नागपूरच्या गोरेवाडा प्राणिउद्यानात वाघाबरोबर अस्वलाचीही सफारी आहे. तरीही या प्राण्याचे भवितव्य ठरते ते मोहाच्या झाडाखाली. चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदियाच्या रानांत उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले रात्रभर गळतात. ती वेचायला माणसे टोपल्या घेऊन पहाटेच निघतात आणि त्याच गोड फुलांसाठी, त्याच वेळी अस्वलही येते. त्याची नजर अधू असते व ते खाली मुंडी घालून खाण्यात गढलेले असते, त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही. मग ते दचकून उभे राहते आणि चेहऱ्यावर व डोक्यावर झडप घालते. जुन्या शिकाऱ्यांनी ज्याला खुनशी स्वभाव म्हटले, तो बहुतेक वेळा असा दचकण्याचा प्रकार असतो. म्हणून मोह वेचायला एकट्याने जाऊ नये, चार-पाच जणांनी मिळून आणि मोठ्याने बोलत जावे, म्हणजे आवाज ऐकून अस्वल आपली वाट बदलते.