शरीरातील चरबी कमी करताना : संतुलित आहार आणि व्यायाम

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बंगळुरू येथील राष्ट्रीय रोग माहितीशास्त्र आणि संशोधन केंद्राच्या समन्वयाने २०१७-१८ मध्ये असंसर्गजन्य रोगांविषयी देशव्यापी सर्वेक्षण करण्यात आले. १८ ते ६९ वयोगटातील ४१.३ टक्के व्यक्तींची शारीरिक हालचाल अपुरी असल्याचे त्यात आढळले. ९८.४ टक्के व्यक्ती फळे आणि भाज्या पुरेशा प्रमाणात खात नव्हत्या, तर २६.१ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. त्यानंतरच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) कर्नाटकातील अतिरिक्त वजनाचे प्रमाण पुरुष आणि स्त्रिया या दोहोंमध्ये सुमारे ३० टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त नोंदविले गेले.

तासन्‌तास संगणकासमोर बसून काम, वाहतूक कोंडीत जाणारा वेळ, रात्रपाळी आणि बाहेरचे खाणे हे बंगळुरूसारख्या महानगरातील अनेक नोकरदारांचे जीवनमान झाले आहे. त्यामुळे वजन घटविण्याचे झटपट उपायही लोकप्रिय होतात. मात्र वजन कमी होणे आणि चरबी कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे.

वजन आणि चरबी यांतील फरक

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, अर्थात बीएमआय, २२.३ इतकाच होता. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते, हे या उदाहरणातून स्पष्ट झाले. पोटातील अवयवांभोवती साठणाऱ्या चरबीमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो. देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात वर्तविण्यात आला.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरभार निर्देशांक मिळतो. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या शिफारशीनुसार हा निर्देशांक २३ वर गेल्यास अतिरिक्त वजन आणि २५ वर गेल्यास लठ्ठपणा मानला जातो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपेक्षा कमी असावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यानंतर हा घेर मोजावा.

घट किती वेगाने व्हावी?

एक किलो चरबी घटण्यासाठी साधारणपणे ७,७०० उष्मांकांची तूट पडावी लागते. रोज सुमारे ५०० उष्मांकांची तूट साधल्यास आठवड्याला अर्धा किलो घट अपेक्षित असते. राष्ट्रीय पोषण संस्थाही हाच वेग सुरक्षित मानते. वजन घटविण्याचा आहार दिवसाला १,००० उष्मांकांपेक्षा कमी नसावा, असेही ती सुचविते. उपाशी राहिल्यास पहिल्या काही दिवसांत वजन भराभर उतरते, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात, शरीराची ऊर्जेची गरज मंदावते आणि पूर्ववत आहार सुरू होताच वजन पुन्हा वाढते.

ताटात काय असावे?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २,००० उष्मांकांच्या दैनंदिन आहारासाठी धान्ये २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, सुकामेवा व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर असे प्रमाण दिले आहे. धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, असे त्यात म्हटले आहे. भारतीय ताटात भात किंवा पोळीचा वाटा सहसा याहून मोठा असतो.

बंगळुरूच्या पारंपरिक जेवणात या दृष्टीने उपयुक्त असे बरेच काही आहे. भिजवलेली मूगडाळ आणि काकडीची कोशंबरी, पालेभाज्यांचे ‘सोप्पिन सारु’, कुळथाचे सारु आणि पावट्याची उसळ यांतून प्रथिने व तंतुमय पदार्थ मिळतात. नाचणीच्या मुद्द्याने पोट अधिक काळ भरलेले राहते. तथापि नाचणीचे उष्मांक तांदळाच्या जवळपासच असल्याने तिचेही प्रमाण राखावे लागते. सकाळी दोन इडल्या आणि वाटीभर भाज्यांचे सांबार घेणे लोण्यातल्या मसाला डोशापेक्षा श्रेयस्कर ठरते. एक ग्रॅम तेलातून नऊ उष्मांक मिळत असल्याने तेलातील काटकसर लवकर फळाला येते. फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’ कार्यक्रमात पंतप्रधानांनीही तेलाचा वापर १० टक्क्यांनी घटविण्याचे आवाहन केले होते. दिवसभरात अनेकदा घेतल्या जाणाऱ्या कॉफीतील साखरही हिशेबात धरावी.

व्यायाम कोणता आणि किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. लालबाग किंवा कब्बन पार्कमध्ये पहाटे भरभर चालणाऱ्यांनी पहिला भाग साधलेला असतो, दुसऱ्याकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते. जोर, बैठका किंवा वजने उचलण्याच्या व्यायामाने आहार कमी असतानाही स्नायू टिकून राहतात. केवळ पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी उतरत नाही, ती संपूर्ण शरीरातून घटत जाते. बैठे काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून थोडे चालावे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, म्हणून पुरेशी झोप घ्यावी.

दक्षता

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहार एकाएकी कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा व्यक्तींनी, तसेच हृदयरुग्ण, गर्भवती व स्तनदा माता आणि वाढत्या वयातील मुलांच्या पालकांनी वैद्यकीय सल्ल्यानेच पावले उचलावीत. चरबी घटविणारी औषधे व चूर्णे जाहिरात पाहून घेऊ नयेत. व्यायाम करणाऱ्याचे वजन काही आठवडे स्थिर राहिले, तरी कमरेचा घेर कमी होत असेल, तर प्रयत्न योग्य दिशेने चालले आहेत असे समजावे.