निरनिराळ्या गती, एक मुक्काम

ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास परभणीच्या रस्त्यावर एक ओळखीचें दृश्य दिसतें. शेगांवहून पंढरपुरास निघालेली गजानन महाराजांची पालखी जवळा बाजार, त्रिधारा असे मुक्काम करीत परभणी शहरांत येते, आणि पुढें दैठण्यावरून गंगाखेडला गोदावरी ओलांडून परळीची वाट धरते. शेंकडों वारकरी, पांढरा पोशाख, हातांत टाळ, खांद्यावर पताका; आणि चाल अशी कीं पहिल्या ओळींतील तरुणाचें पाऊल व शेवटच्या ओळींतील वृद्धाचें पाऊल एकाच ठेक्यावर पडावें. महिनाभराची ही पायपीट आहे. शेजारून मोटारी, मालमोटारी, फटफट्या धुरळा उडवीत पुढें निघून जातात. पालखी मात्र आपल्या गतीनें चालते, आणि ठरलेल्या सायंकाळीं ठरलेल्या गांवीं पोहोंचते.

आज मला ज्या प्रवासाविषयीं बोलावयाचें आहे तो वरवर पाहतां या पालखीपासून फार दूरचा आहे. चार लहान चाकें लावलेल्या फळीवर उभें राहावयाचें, एका पायानें जमीन मागें रेटावयाची, आणि शेंकडों सायकलस्वारांच्या संगतीनें दिवसामागून दिवस मार्ग कापावयाचा, असा हा प्रवास. त्या फळीला स्केटबोर्ड म्हणतात. मुलांचा खेळ म्हणून शहरांतील बागांतून आपण ती पाहिली असेल. परंतु तिच्यावरून माणसें शेंकडों मैल जातात, आणि तींहि सायकलींच्या मेळ्यांत सामील होऊन जातात, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. मला स्वतःला फळीचें नवल फारसें वाटत नाहीं. ज्यांच्या गती मुळांतच निराळ्या आहेत अशीं माणसें एका प्रवासांत एकत्र राहतात कशीं, हा खरा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न परभणीच्या रस्त्याला नवा नाहीं.

प्रथम चाकाचा इतिहास पाहूं. पायाला चाकें बांधण्याची हौस युरोपांत अठराव्या शतकापासूनची. १८६३ सालीं अमेरिकेंतील जेम्स प्लिम्टन यानें चार चाकांचा असा स्केट बनविला कीं अंगाचा तोल एका बाजूस झुकवितांच चाकें त्या बाजूस वळावीं. आजच्या स्केटबोर्डाखालीं जी रचना असते तिचें मूळ हेंच. फळी स्वतः मात्र पुष्कळ अलीकडची. विसाव्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या लाटांवरून फळीनें घसरणाऱ्या तरुणांनीं, लाटा नसलेल्या दिवशीं, तोच खेळ रस्त्यावर मांडला. त्या वेळचीं चाकें लोखंडाचीं किंवा भाजलेल्या मातीच्या मिश्रणाचीं असत. एवढासा खडा आडवा आला कीं चाक जागच्या जागीं अडे आणि स्वार पुढें जाऊन आपटे. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत फ्रँक नॅस्वर्दी या तरुणानें पॉलियुरेथेनचीं चाकें प्रचारांत आणलीं. हा पदार्थ रबरासारखा किंचित् दबतो, पण लौकर झिजत नाहीं. चाक बदललें, आणि खेळण्याचें वाहन झालें. १९७६ सालीं जॅक स्मिथ व त्याचे दोन सोबती यांनीं आळीपाळीनें फळी चालवीत अमेरिका ओलांडली.

तरीहि तें चाक लहानच. सायकलीच्या चाकाचा व्यास सुमारें ७० सेंटिमीटर. लांबच्या प्रवासाच्या स्केटबोर्डाचें चाक सात ते दहा सेंटिमीटरचें. सायकल ज्या खड्यावरून नुसती थरथरत जाते तो खडा फळीला धोंड्यासारखा असतो. चाक जितकें लहान तितका रस्ता चांगला हवा, हा नियम परभणीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. जिल्ह्याची जमीन बहुतेक काळी. पावसाळ्यांत तिचा चिखल होतो, उन्हाळ्यांत ती भेगाळते. असल्या मातींत लहान चाक रुतून बसतें, म्हणून या मुलखांतील जुन्या बैलगाडीचीं चाकें मोठीं असत. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबादहून मनमाडला जाणारा लोहमार्ग परभणीवरून गेला. १९३२ सालीं निजामाच्या राज्यांत सरकारी मोटारगाड्या सुरू झाल्या. काळ्या पाषाणाची खडी, तिच्यावर डांबर, अशा क्रमानें रस्ते पक्के होत गेले. आज कल्याणहून निर्मळला जाणारा राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणी असा जिल्ह्यांतून जातो. रस्ता गुळगुळीत झाला कीं लहान चाकाला वाट मिळते. पण त्याच रस्त्यावर मोठ्या वाहनांचा वेगहि वाढतो. लहान चाकाची अडचण अशी दुहेरी आहे. खराब रस्ता त्याला चालूं देत नाहीं, आणि चांगला रस्ता त्याला एकटें सुखरूप राहूं देत नाहीं.

या अडचणीचें एक उत्तर अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत सांपडतें. आयोवा हा मक्याचा मुलूख. परभणीसारखाच काळ्या, सुपीक मातीचा. १९७३ सालीं ‘डे मॉइन रजिस्टर’ या वृत्तपत्रांतील जॉन कॅरस व डोनल्ड कॉल या दोन पत्रकारांनीं सायकलवरून आपला प्रांत ओलांडण्याचें ठरविलें, आणि वाचकांनाहि बरोबर येण्याचें आमंत्रण दिलें. सुमारें ३०० लोक निघाले. त्यांत क्लॅरेन्स पिकर्ड नांवाचे ८३ वर्षांचे गृहस्थ होते. डोक्यावर सोला हॅट, खालीं बायकांची सायकल. आणि तरी ते अखेरपर्यंत पोहोंचले. पुढें या यात्रेची परंपराच पडली, आणि शेंकड्यांचे हजारों झाले. पश्चिमेच्या मिसूरी नदींत मागचें चाक बुडवून निघावयाचें, आणि आठवड्याच्या अखेरीस पूर्वेच्या मिसिसिपींत पुढचें चाक बुडवून थांबावयाचें, असा तिचा रिवाज आहे. वाटेतलीं गांवें यात्रेकरूंच्या खाण्यापिण्याची सोय करतात, पटांगणांत तंबू पडतात, आणि सामान मालमोटारींतून पुढल्या मुक्कामीं जातें. याच मेळ्यांत सायकलींच्या जोडीला पायांत स्केट घातलेले आणि फळीवर उभे असलेले लोकहि दिसूं लागले.

सायकलीच्या बरोबरीनें फळी चालविणें सोपें नाहीं. सायकलस्वाराला बसावयास खोगीर आहे, दांते बदलून चढ हलका करतां येतो, आणि हात दाबला कीं वेग आवरतो. फळीवाला दिवसभर उभा. त्याचा एक पाय रेटतो आणि दुसरा गुडघ्यांत वांकून सारें ओझें पेलतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानें पाय बदलण्याची संवय त्याला करावी लागते. उतारावर थांबावयाचें तर बुटाचा तळवा रस्त्यावर घासावयाचा. सायकलीइतका वेग त्याला दिवसभर राखतां येत नाहीं. मग तो काय करतो? पहांटे लौकर निघतो, वाटेंत कमी थांबतो, आणि ज्या गांवीं सायकलस्वार उतरले त्याच गांवीं सायंकाळीं उतरतो. दिवसा ते त्याच्या पुढें गेले असतील. रात्रीं तो त्यांच्या पंगतींत असतो.

श्रोतेहो, वारीच्या इतिहासांत या गोष्टीचा विचार फार पूर्वीं झालेला आहे. १६८५ सालीं तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं पादुका पालखींत ठेवून पंढरीची वाट धरली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकर यांनीं आळंदीच्या सोहळ्याला शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरदारांनीं त्यासाठीं घोडे व तंबू दिले. रथाच्या पुढें कोणती दिंडी, मागें कोणती, हें ठरलें. सायंकाळीं तळावर समाजआरतीच्या वेळीं चोपदार दंड उंच करतो आणि असंख्य टाळ एकदम बंद होतात. ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग तिचें म्हणणें ऐकून घेतलें जातें. हरवल्या-सांपडल्या वस्तूंची वर्दी दिली जाते, आणि मगच लोक आपापल्या राहुटीकडे वळतात.

या व्यवस्थेंत दोन निराळीं तत्त्वें आहेत. दिंडीच्या आंत सर्वांची गती एक. टाळाचा ठेका ती ठरवितो, आणि थकलेल्याला तोच ठेका ओढून नेतो. परंतु सबंध सोहळ्याची गती एक नसते. तंबूचें सामान आधीं पुढें जातें, स्वयंपाकी पुढें जातात, दिंड्या मागून येतात. त्या सर्वांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे मुक्काम. सर्वांना एकाच वेगानें पळविण्याचा हट्ट धरला असता तर हा सोहळा चार दिवसांत मोडला असता. आयोवांतील सायकलस्वार व फळीवाला यांना सांभाळणारें तत्त्व हें दुसरें आहे: गती ज्याची त्याची, मुक्काम सर्वांचा. आणि मागें राहिलेला पोहोंचला कीं नाहीं हें तळावर विचारणारें कोणीतरी असावें, एवढी त्याला अट आहे.

महाराष्ट्रांत सायकलस्वारांनींहि हा मार्ग उचलला आहे. नाशिकचे सायकलस्वार २०१२ पासून पंढरपूरची सायकलवारी करीत आले. २०२२ च्या नोव्हेंबरांत संत नामदेवांच्या स्मरणार्थ पंढरपूरहून पंजाबांतील घुमानपर्यंत सायकलयात्रा निघाली. तिच्यासोबत रथहि होता. म्हणजे तेथेंहि निरनिराळीं वाहनें एका मुक्कामाला बांधलेलीं होतीं. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें नरसी हें गांव १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच मोडत होतें. मराठवाड्यांतून पंजाबापर्यंत पायीं गेलेल्या त्या संताची वाट आधुनिक चाकांनीं पुन्हां काढावी, हें उचितच झालें.

एकट्याचा प्रवास कमी मोलाचा, असें मला म्हणावयाचें नाहीं. १९२३ सालीं मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबांतील सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. १९२८ सालीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे ती पुरी करून परतले. न्यूझीलंडचा रॉब थॉमसन जपानहून सायकलवर निघाला, स्वित्झर्लंडला पोहोंचल्यावर त्यानें सायकल सोडून फळी घेतली, आणि २००७-०८ मध्यें तिच्यावरून शांघायपर्यंत १२,००० कि.मी.हून अधिक अंतर तोडलें. हीं धाडसें थोरच आहेत. पण याच विषयांतील दुसरी एक घटना मला विसरतां येत नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत केरळांतील एक तरुण कन्याकुमारीहून काश्मीरकडे स्केटबोर्डावरून एकटा निघाला. ऑगस्टच्या आरंभीं, जवळजवळ सारा देश ओलांडून झाल्यावर, हरियाणांत मालमोटारीच्या धडकेनें त्याचा अंत झाला. त्याच्या पुढेंमागें पताका नव्हती. सायंकाळीं त्याची वाट पाहणारा तळ नव्हता. संगतीनें अपघात टळतातच असें नाहीं. परंतु समुदाय दुरून दिसतो, आणि एकटा माणूस दिसत नाहीं.

म्हणून हा प्रश्न फळीपुरता नाहीं. परभणीच्या महामार्गावर आजहि बैलगाडी चालते, शाळेला जाणारी मुलगी सायकलवर असते, शेतमजूर पायीं असतो. यांतील कोणीहि धाडस करावयास निघालेला नाहीं. तो फक्त घरीं पोहोंचूं इच्छितो. रस्ता रुंद करतांना आपण सर्वांत वेगवान् वाहन डोळ्यांपुढें ठेवतों. जो सर्वांत मंद आहे त्याला सायंकाळीं सुखरूप घरीं पोहोंचतां येतें कीं नाहीं, ही कसोटी आपण लावीत नाहीं. पालखी जाते त्या दिवसापुरती ही कसोटी रस्त्यावर आपोआप लागते. मालमोटारी हळू होतात, पोलीस उभे राहतात, गांवकरी पाणी घेऊन बाहेर येतात. दुसऱ्या दिवशीं तोच रस्ता तीच माणसें विसरून जातो.

पालखी गंगाखेडला पोहोंचते तें गांव संत जनाबाईचें. जनी दळावयास बसली कीं विठ्ठल येऊन तिच्या जात्याचा खुंटा धरी, असें परंपरा सांगते. त्या कथेंत देवानें जनीला आपल्या गतीनें धांवावयास लाविलें नाहीं. तो तिच्या जात्याच्या गतीनें बसला. गोदावरीच्या पुलावरून पायीं, सायकलवर किंवा चार चाकांच्या फळीवर जो कोणी जाईल, त्याच्याशीं मागून येणाऱ्या मोटारवाल्यानें घटकाभर असेंच वागावें. सायंकाळच्या मुक्कामाला त्यामुळें फारसा उशीर होत नाहीं.