सहा आठवड्यांची खाट आणि दोन तासांचा रस्ता

अमडापूरची बल्लाळी देवी टेकडीवर आहे. दर्शनाला चढताना एखाद्याच्या छातीत दाटून आले, घाम फुटला, की बरोबरची माणसे म्हणतात, 'गॅस झाला असंल, सोडा पाजा.' आजही मी हे ऐकतो. त्यांना हसू नये. हृदयविकाराचा झटका म्हणजे नेमके काय, हे डॉक्टरांनाही उशिराच कळले.

हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद झाली तरी माणूस जगू शकतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1912 मध्ये मांडले. उपचार म्हणून सांगितली ती विश्रांती. पुढे तिचे प्रस्थ इतके वाढले की रोग्याने सहा-सहा आठवडे खाटेवर उताणे पडायचे, जेवणही दुसऱ्याने भरवायचे. अशा पडून राहण्याने पायांत गुठळ्या होत आणि त्या फुप्फुसात जाऊन काही रोगी दगावत. बोस्टनचे लेव्हाइन आणि लाउन यांनी 1952 मध्ये रोग्यांना सरळ आरामखुर्चीत बसवले, तेव्हा सहकाऱ्यांनाच तो अघोरी प्रकार वाटला होता. आपल्याकडे मात्र 'हार्टचा पेशंट, हलू देऊ नका' ही समजूत कितीतरी वर्षे टिकली.

मग मुंबईने जगाचे लक्ष वेधले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी 3 डिसेंबर 1967 रोजी पहिले हृदयारोपण केले आणि अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रोगी जेमतेम काही तास जगला. सेन यांचे धाडस उतावळे नव्हते. त्यामागे कुत्र्यांवरील प्रयोगांची वर्षे होती. पण मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात व्हायला 1994 उजाडले. त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी हृदयारोपण यशस्वी केले.

सेन यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही अमडापूरच्या माणसासाठी त्याहून मोठी घटना 1988 ची, आणि तिचा गाजावाजा फारसा झाला नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी झटका आलेल्या 17,187 रोग्यांवर दोन औषधे तपासली. एक, गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज. दुसरे, साधे ॲस्पिरिन, म्हणजे डोके दुखले की किराणा दुकानातून आणायची तीच गोळी! दोन्ही न मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत शंभरात सुमारे तेरा दगावले. दोन्ही मिळालेल्यांपैकी आठ. (पोटात व्रण असेल किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल त्याने मनाने ती घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे.)

अँजिओप्लास्टी तर 1977 मध्ये झ्युरिकला ग्रुंट्झिग यांनी सुरू केली. आज झटक्यावर तीच सर्वांत चांगली, पण वेळेत झाली तर. साधारण 120 मिनिटांत ती होणार नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे असे शास्त्र सांगते. आता घाटावरच्या माणसाचा हिशेब करा. अमडापूरहून चिखली गाठायची, तिथून पुढे बुलढाणा किंवा छत्रपती संभाजीनगर. नाहीतर घाटाखाली खामगाव आणि मग अकोला. खामगाव-जालना रेल्वेची मागणी तर आजोबांपासून ऐकतो आहोत. 2014 पासून 108 ची गाडी येते, सरकारी आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा खर्चही बसतो, 2017 मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. पैशाची अडचण थोडी हलकी झाली. रस्ता तेवढाच आहे.

म्हणून घाटावर जवळच्या दवाखान्यात लगेच ईसीजी काढणे आणि ते इंजेक्शन तिथेच मिळणे याला महत्त्व. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, 'किती वाजता दुखायला लागलं?' बारा तास उलटले की त्या इंजेक्शनचा फारसा उपयोग उरत नाही. आणि आपल्याकडे उत्तर येते, 'काल सांजपासूनच जरा दुखत व्हतं.'