गोठ्यातल्या साखरगोळ्या

अलिबागच्या खारेपाटातली भातशेती बैलांच्या जिवावर चालायची, तेव्हा बुळकांडीची साथ म्हणजे घरावर दरोडाच. लाइपझिगचे पशुवैद्य विल्हेल्म लुक्स यांनी १८३३ साली अशा साथरोगांवर आजारी जनावराचाच स्राव अतिविरल करून पाजण्याचा उपाय मांडला. जनावरांच्या होमिओपॅथीचं एक मूळ तिथे सापडतं. रोगातूनच औषध काढावं, ही कल्पना तशी वेडगळ नव्हती. कमी होती ती पडताळ्याची. १८८१ मध्ये पाश्चरने टोचलेल्या आणि न टोचलेल्या मेंढ्यांना काळपुळीचे जंतू देऊन तो पडताळा जाहीरपणे घेतला. पुढे १८८९ मध्ये पुण्यातच जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली.

होमिओपॅथीच्या गोळ्यांचा गुण निव्वळ श्रद्धेचा, असं म्हटलं की उलट विचारतात, ‘बैलाची कुठे श्रद्धा असते? मग त्याला गुण कसा येतो?’ हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण लाळ्या-खुरकुतीचं उदाहरण घ्या. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात फोड, चारा बंद. तरी मोठं जनावर बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप सावरतं. तेवढ्यात गोळ्या दिल्या की श्रेय गोळ्यांचं. श्रद्धा असते ती बघणाऱ्याची! गोळ्या स्वस्त आणि निरुपद्रवी, हेही कबूल. मात्र घटसर्पात घसा सुजलेल्या म्हशीला वाट पाहायला वेळच नसतो. बुळकांडीनेही कधी सवलत दिली नाही. ती लसीनेच हटली: २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं.