दर काट्यावर हवा, दारावर नको

2025च्या एप्रिलमध्ये मुंबई महानगरपालिकेने घनकचरा उपविधींचा नवा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात घरटी शुल्क होते: 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना 100 रुपये, 50 ते 300 चौरस मीटरच्या घराला 500, त्याहून मोठ्या घराला 1,000. हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि विरोध सुरू झाला. मालमत्ता कर भरतोच आहोत, मग कचऱ्याचे वेगळे पैसे कशाला? शुल्क लावले तर लोक कचरा नाल्यात टाकतील. गरिबाला हे झेपणार नाही. या तीन आक्षेपांतून निष्कर्ष एकच निघत होता: कचरा टाकणे जितके स्वस्त ठेवता येईल तितके ठेवावे, त्यातच लोकांचे भले आहे.

हा पूर्वपक्ष मुंबईपुरता नाही. राज्यातल्या लहानमोठ्या शहरांत कचऱ्याच्या दराचा विषय निघाला की हेच बोलले जाते, आणि बोलणारे मनापासून बोलत असतात. तरीही तो चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. मसुद्यातले शुल्कही मला मान्य नाही, पण त्याची कारणे विरोधकांच्या कारणांहून अगदी वेगळी आहेत.

आधी 'स्वस्त' या समजुतीचा हिशोब करू. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर 1927पासून मुंबईचा कचरा पडत आला. टाकणाऱ्याला टनामागे कोणताही दर नव्हता; गाडी आली, रिकामी झाली, परत गेली. 2025मध्ये महापालिकेने तिथला साचलेला कचरा बायोरेमेडिएशन करून हलवण्यासाठी निविदा काढली. कचरा 185 लाख टन, अंदाजित खर्च 2,368 कोटी रुपये. भागाकार केला तर टनामागे सुमारे 1,280 रुपये येतात. हे पैसे घरातून कचरा उचलण्याचे नाहीत, तो देवनारपर्यंत नेण्याचेही नाहीत. एकदा टाकलेला कचरा पुन्हा उकरून, चाळून, वेगळा करून जागा मोकळी करण्याचे हे पैसे आहेत. ज्या पिढीने तो टाकला तिने यातला एक रुपयाही दिला नाही. ती टनामागे 1,280 रुपयांची उधारी होती, आणि ती घेताना कोणत्याही सभेत ठराव झाला नव्हता.

पैशांत न मोजता येणारा भाग याहून मोठा आहे. 2016च्या जानेवारीत देवनार पेटले. दिवसचे दिवस धूर निघत राहिला, मार्चमध्ये पुन्हा आग लागली. तो धूर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या वस्त्यांनी श्वासात घेतला. देवनार ज्या एम पूर्व विभागात येते, तो 2009च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व विभागांच्या तळाशी होता. त्याला कारणे अनेक आहेत, सगळा दोष कचऱ्याच्या डोंगरावर टाकणे बरोबर होणार नाही. पण 'गरिबाला परवडणार नाही' हे वाक्य उच्चारताना कोणता गरीब डोळ्यांपुढे आहे, ते स्पष्ट व्हायला हवे. टाकण्याचा दर शून्य ठेवल्याने वाचणारे पैसे शहरभर विखुरतात आणि त्यांतला मोठा वाटा जास्त कचरा करणाऱ्यांकडे जातो. त्या शून्याची किंमत मात्र डोंगराच्या पायथ्याशी राहणारी माणसे चुकवतात. गरिबांच्या नावाने सांगितलेला हा युक्तिवाद गरिबांच्याच विरुद्ध जातो, आणि म्हणूनच त्याचे खंडन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पुढे त्याची झळ सगळ्या शहराला लागलीच. 2016च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची नीट सोय नाही या कारणाने शहरातल्या नव्या बांधकामांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ती 2018मध्ये काही अटींवर सैल केली. 2022च्या सप्टेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा आणि सांडपाणी यांच्या हयगयीबद्दल महाराष्ट्र राज्याला 12,000 कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली. औरंगाबादेत तर पैशाचा प्रश्न येण्याआधी लोकांचा संयम संपला. तीसेक वर्षे शहराचा कचरा सोसलेल्या नारेगावच्या परिसरातील ग्रामस्थांनी 2018च्या फेब्रुवारीत गाड्या अडवल्या. पर्यायी जागा म्हणून पडेगाव-मिटमिट्याकडे वळलेल्या गाड्यांवरून मार्चमध्ये दगडफेक आणि लाठीमार झाला, आणि शहरात कित्येक आठवडे कचरा रस्त्याकडेला सडत राहिला. डम्पिंग ग्राउंड कधी बंद होणार हे आपण ठरवू, असे नगरपालिकांना वाटत असते. नारेगावाने दाखवले की ते शेजारचे गावही ठरवू शकते, तेही एका सकाळी.

आता दुहेरी कराचा आक्षेप. मुंबईत 2022च्या जानेवारीपासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून माफी आहे. 500 चौरस फूट म्हणजे साधारण साडेशेहेचाळीस चौरस मीटर. म्हणजे 100 रुपयांच्या टप्प्यात येणाऱ्या घरांपैकी फार मोठ्या संख्येला 'आम्ही मालमत्ता कर भरतोच' हे म्हणताच येत नाही. उरलेल्यांसाठी मात्र आक्षेपात तथ्य आहे: झाडलोट, घंटागाड्या, कामगारांचे पगार हे सगळे सर्वसाधारण महसुलातूनच चालते. पण त्या महसुलाचा कचऱ्याच्या वजनाशी काही संबंध नाही. शहराने रोज साडेसहा हजार टन कचरा टाकला काय आणि पाच हजार टन टाकला काय, कोणत्याही अधिकाऱ्याच्या, कोणत्याही विभागाच्या, कोणत्याही सोसायटीच्या ताळेबंदात त्यामुळे फरक दिसत नाही. दुहेरी वसुली हा इथला दोष नाही. टाकण्यावर एकदाही वसुली झालेली नाही, हा दोष आहे.

इथेच महापालिकेच्या मसुद्याशी माझे भांडण सुरू होते. 'प्रदूषण करील तो भरेल' हे तत्त्व पुढे करून ते शुल्क सुचवले गेले, पण ते घराच्या क्षेत्रफळावर बेतलेले आहे. 51 चौरस मीटरच्या घराला 500 रुपये आणि 299 चौरस मीटरच्या घरालाही 500च. ओला कचरा गच्चीवर जिरवणाऱ्या आणि सुका वेगळा देणाऱ्या कुटुंबाला जितके शुल्क, तितकेच सगळे एका पिशवीत कोंबून देणाऱ्याला. अशा शुल्काने तिजोरीत भर पडेल. देवनारला किंवा कांजूरमार्गच्या कचराभूमीला जाणाऱ्या एका गाडीतही घट होणार नाही. दुसरा दोष त्याहून खोल आहे. 2016च्या घनकचरा नियमांत 'टिपिंग फी'ची जी व्याख्या होती, तिच्यानुसार हे पैसे पालिकेने प्रक्रिया केंद्र वा भरावभूमी चालवणाऱ्याला द्यायचे असत, आणि व्यवहारात ते बहुधा टनावर मोजले जातात. वाहतुकीची कंत्राटेही अनेक ठिकाणी वजनावरच असतात. म्हणजे साखळीत जो जो वजन कमी करू शकतो, त्याचे उत्पन्न वजन वाढण्यावर अवलंबून आहे. कचऱ्यात राडारोडा मिसळल्याच्या तक्रारी अशा पद्धतीत आल्या नाहीत तरच नवल. घरटी 100 रुपये गोळा करून याच साखळीत ओतले तर टन वाढवण्याचीच सोय होईल.

नाल्याचा आक्षेप मात्र हलक्याने उडवून लावता येत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचे शहर आहे. तिथे 1992मध्ये कचऱ्याच्या प्रत्येक पिशवीमागे 80 सेंट लावले गेले. फुलर्टन आणि किनामन या अर्थशास्त्रज्ञांनी 75 घरांचा कचरा दर लागू होण्याआधी आणि नंतर मोजला. 1996मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पिशव्यांचे आकारमान 37 टक्क्यांनी घटले, वजन मात्र 14 टक्क्यांनीच. लोकांनी कचरा दाबून दाबून भरायला सुरुवात केली होती. जी घट झाली तिचाही चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग बेकायदा कुठेतरी टाकला गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. जिथे घरोघर गाडी येते आणि देखरेख चांगली आहे तिथे हे घडले, तर मिठी नदीच्या काठावर काय होईल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. म्हणून घराच्या दारात, पिशवीवर दर लावण्याच्या मी विरुद्ध आहे. पूर्वपक्षाची ही बाजू मी पूर्णपणे मान्य करतो.

पण त्यावरून टाकण्याचा दरच नको, हे सिद्ध होत नाही. दर कुठे लावायचा, एवढाच प्रश्न त्यातून उभा राहतो. त्याचे सर्वांत चांगले उत्तर ब्रिटनकडे आहे. 1 ऑक्टोबर 1996पासून तिथे भरावभूमीत जाणाऱ्या प्रत्येक टनावर सात पौंड कर सुरू झाला. माती-दगडासारख्या निष्क्रिय मालावर दोन पौंड. पुढे तो ठरल्या पायऱ्यांनी वाढत गेला, आणि 2008 ते 2014 या काळात तर दरवर्षी आठ पौंडांनी वाढून 80वर पोहोचला. 2023पासून तो शंभरावर आहे. पुढच्या वर्षांची वाढ आधीच जाहीर केलेली असे, त्यामुळे पालिकांना नव्या यंत्रणा उभारायला वेळ मिळाला. आणि इथे आपल्या वादासाठी सर्वांत मोलाची गोष्ट आहे: इंग्लंडमधल्या घरमालकाला पिशवीमागे काहीही द्यावे लागले नाही. कर भरावभूमीच्या फाटकावर, वजनकाट्यावर बसला आणि त्याचा चटका स्थानिक परिषदांना लागला. कचरा पुरणे महाग पडू लागल्याबरोबर वेगळे डबे, बागेच्या कचऱ्याचे खत, पुनर्वापर केंद्रे यांचा खर्च परिषदांना परवडू लागला. 2000च्या सुमाराला इंग्लंडमधल्या परिषदांचा जवळजवळ चार पंचमांश कचरा पुरला जात होता. आता तो एक दशांशाच्या खाली आहे.

या उदाहरणातल्या उणिवाही सांगायला हव्यात. युरोपीय संघाच्या 1999च्या निर्देशाचा दबाव त्याच काळात होता, सगळे श्रेय कराला देता येत नाही. पुरणे थांबलेला बराच कचरा भट्ट्यांत गेला. आज इंग्लंडमधल्या परिषदांचा जवळजवळ निम्मा कचरा जाळला जातो, आणि ते मला मुळीच अनुकरणीय वाटत नाही. कमी दराच्या मालाची खोटी नोंद करून कर बुडवला जातो. बेकायदा कचरा टाकण्याच्या घटना इंग्लंडमध्ये वर्षाला दहा लाखांवर नोंदल्या जातात. त्यामुळे काट्यावरच्या दराबरोबर भट्टीच्या दरवाज्यावरही दर हवा आणि नोंदींची तपासणी हवी. पण परिषदांना चटका बसला की त्या हलतात, ही मूळ गोष्ट या उणिवांनी खोटी ठरत नाही.

यावर आपल्याकडचा एक खास आक्षेप येतो, आणि तो हुशार आहे. भरावभूमी महापालिकेचीच, कचराही महापालिकाच आणते. मग तिने स्वतःलाच दर द्यायचा, म्हणजे या खिशातून त्या खिशात. आक्षेप खरा आहे, जोवर दोन्ही खिसे एकाच हातात आहेत तोवर. म्हणून ही रक्कम महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत जाता कामा नये. ती वेगळ्या, राज्याच्या देखरेखीखालच्या खात्यात जावी आणि जुने डोंगर हटवणे, पाझरपाण्यावर प्रक्रिया करणे, भरावभूमी बंद झाल्यानंतर पुढची दशके तिची निगा राखणे, एवढ्याच कामांसाठी निघावी. अमेरिकेच्या संघीय नियमांत बंद केलेल्या भरावभूमीची सर्वसाधारणपणे 30 वर्षे काळजी घ्यावी लागते आणि त्या खर्चाची हमी चालवणाऱ्याला आधीच द्यावी लागते. आपल्याकडे ती हमी कोणी दिली नाही, म्हणून देवनारची निविदा आज करदात्यांच्या अंगावर आली.

महापालिकेच्या आतही हा दर पोहोचवता येतो. प्रत्येक विभाग कार्यालयाच्या गाड्यांचे वजन काट्यावर वेगळे नोंदले जाऊ शकते. त्या विभागाच्या तरतुदीतून टनामागे रक्कम वजा झाली, तर सहायक आयुक्ताला ओल्या कचऱ्याचे खत आपल्याच हद्दीत करण्यात प्रथमच फायदा दिसेल. मोठी हॉटेले, मंगल कार्यालये, मॉल, राडारोडा टाकणारे बांधकाम व्यावसायिक यांनी मात्र थेट काट्यावरच दर भरावा. त्यांच्या बाबतीत वजन मोजणे अवघड नाही. 2026च्या नव्या घनकचरा नियमांनी या दिशेने एक पाऊल टाकले आहे: वर्गीकरण न केलेला कचरा भरावभूमीत टाकणाऱ्या स्थानिक संस्थेला लागणारा दर हा वर्गीकरण, वाहतूक आणि प्रक्रिया यांच्या खर्चाहून जास्त असावा, असे त्यांत सांगितले आहे. याची अंमलबजावणी दर ठरवणाऱ्यांवर अवलंबून आहे, आणि आपल्याकडे दर ठरवताना सगळ्यांत सोपा आकडा निवडण्याची सवय आहे.

घराच्या दारात पैसे घेण्याला माझा सरसकट विरोध नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993मध्ये उभी राहिली आणि 2008पासून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते. तिथे कुटुंब दरमहा जे शुल्क देते ते दारात येणाऱ्या कचरावेचक बाईच्या हातात पडते. ती सुका माल वेगळा काढते, विकते, आणि तेवढे वजन डेपोकडे जातच नाही. या शुल्कात वजन घटते आणि एका कष्टकरी बाईची मिळकत वाढते. मुंबईच्या मसुद्यातल्या 100 रुपयांत यांपैकी एकही गोष्ट घडत नाही.

पहिला दर किती असावा, याबद्दल वाद घालायला जागा आहे. माझी मागणी एवढीच आहे की चर्चा शून्यापासून सुरू होऊ नये. देवनारच्या निविदेने जुना टन हलवण्याची किंमत 1,280 रुपये दाखवली आहे. आज काट्यावरून आत जाणाऱ्या प्रत्येक मिश्र टनाला निदान तेवढा दर लावावा, पुढच्या पाच वर्षांची वाढ आजच जाहीर करावी, आणि तो दर लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने, नाव घेऊन मतदान करून ठरवावा. मुंबईचा मसुदा आला तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते.